मास्तरांनी देऊळ पेटवलं

मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या उपासनेच्या जागेला चर्च क्वचितच म्हणतो. तो देऊळ म्हणतो. शिमोन मास्तर तर नुसतं देऊळही म्हणत नसत. ‘आपलं देऊळ’ म्हणत, आणि ‘आपलं’ म्हणताना त्यांचा हात नकळत छातीवर जाई. बारा-तेरा वर्षं खपून त्यांनी ते उभं केलं आणि एका दुपारी स्वतःच्या हातानं रॉकेल ओतून पेटवून दिलं. मी समोरच होते. त्या दिवशी जे पाहिलं त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून पुरता गेलेला नाही. पण मास्तरांबद्दल सांगायचं तर त्या दिवसावरून सुरुवात करून चालणार नाही. आधी ते माणूस म्हणून कसे होते ते सांगावं लागेल.

मी नगरकडची. ट्रेनिंग संपवून मिशनच्या शाळेत शिकवायला त्या गावी आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. हिंगोलीला रेल्वेतून उतरायचं, औंढ्याच्या रस्त्यानं बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि जवळा बाजारच्या अलीकडं ओढा ओलांडून गावात शिरायचं. गाव सगळं कुणबी-धनगरांचं, तीन घरं मुसलमानांची, आणि गावकुसाबाहेर आमची ख्रिस्ती वस्ती. वस्तीच्या टोकाला शाळा, आणि शाळेसमोर अर्धवट उभ्या दगडी भिंती.

गाडीवानानं माझी ट्रंक त्या भिंतीला लावून ठेवली. वरून आवाज आला, “बाई, भिताडाला नगा लावू! चुना वला हाय.”

बांबूच्या परांचीवर एक उंच माणूस उभा होता. अंगात काळा कोट, खाली धोतर, कानाच्या पाळीवर लाकडाचा भुसा. तो झपझप खाली आला, ट्रंक उचलून चार हात दूर ठेवली, भिंतीला लागलेली माती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मग माझ्याकडं वळून म्हणाला, “सलाम बाई. कशापायी आल्या?”

“शाळेत शिकवायला. तुमच्या हाताखाली.”

“ते झालं पोटापायी. आयुष्य कशापायी हाय, ते इचारून राहिलो.”

मी वीस वर्षांची पोर. दोन दिवसांच्या प्रवासानं आंबलेली. मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ते खरोखर उत्तराची वाट पाहत होते. मी काहीतरी पुटपुटले. “असू द्या,” ते म्हणाले, “सुचंल तवा सांगा,” आणि परत वर चढले.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. जवळ्याच्या बाजारात कोंबड्या विकणाऱ्या म्हातारीला, तपासणीला आलेल्या तालुक्याच्या अंमलदाराला, शाळेतल्या लेकरांना. गावच्या देशमुखांनी हसत उत्तर दिलं होतं, “आमचं आयुष्य कोर्टातल्या दाव्यापायी.” धोंडिबा धनगर म्हणाला होता, “मी मेंढरापायी, मेंढरं माझ्यापायी.” हे उत्तर मास्तरांना फार आवडलं. वर्गात ते चार वेळा सांगत. मास्तरांना मात्र उलटून कुणी हा प्रश्न विचारत नसे. त्यांचं उत्तर शाळेसमोर दगडामातीत उभं राहत होतं.

त्या हट्टामागं काय होतं ते मला पुढं कळलं. मास्तरांचे वडील गावकीचं काम करायचे. गावातल्या देवळासमोरचं अंगण झाडायचे, पण पायरीपाशी झाडू टेकला तरी शिव्या खायचे. एकदा मोठ्या गारांच्या मारात ते पायरीच्या आडोशाला उभे राहिले, तर लोकांनी काठीनं हाकललं. मास्तर तेव्हा त्यांच्याबरोबर होते. पुढं मिशनच्या बोर्डिंगात शिकले, बाप्तिस्मा घेतला, सुतारकी शिकले, मास्तर झाले. मिशननं त्यांना गावी पाठवलं ते चार भिंती आणि पत्रे टाकून उपासनेची जागा करण्यासाठी. मास्तर म्हणाले, पत्रे नाहीत. दगड, चुना आणि सागवान. “आमच्या माणसाला मान वर करून बघावं लागंल, असं देऊळ पायजे.”

दगडकामाला उस्मान गवंडी होता. गावातल्या तीन मुसलमान घरांपैकी एक त्याचं. बुटका, मेंदी लावलेली दाढी, तोंडात कायम सुपारी. मास्तर आणि उस्मान रोज भांडत. पुढल्या दाराची कमान मास्तरांनी त्याला तीनदा उतरवायला लावली. दरवेळी दोरी लावून बघायचे आणि म्हणायचे, “उजवीकडं दबली.”

तिसऱ्या वेळी उस्माननं थापी खाली टाकली. “मास्टर, तुमारा खुदा हितं बैठनेकू आनेवाला है के नापनेकू?”

सगळी वस्ती हसली. मास्तर हसले नाहीत. कमान उतरवून घेतली. चौथ्या वेळी ती जी झाली, तशी कमान मी हिंगोलीच्या छावणीतही पाहिली नाही. काम झाल्यावर उस्मान तिच्याखाली उभा राहून वर बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “अब आया तो खडा नै रहेगा, बैठेगा.” त्या दिवशी दोघांनी एका ताटात भाकरी खाल्ली.

मास्तरांची बायको मार्था. बारीक अंगाची, कमी बोलणारी. आणि त्यांना एकच लेक होती, रूथ. माझ्या वर्गात दुसरीत होती. तिला पाढे येत नसत पण सगळ्या वस्तीची गाणी तोंडपाठ. मास्तरांचा तिच्यावर जीव होता. तो आपला जाता-येता. परांचीवरून उतरले की तिच्या डोक्यावर हात ठेवायचे, आणि केसांतून भुसा झटकत ती ओरडायची, “बाबा, हात धुवा की!” एवढंच दोघांचं बोलणं व्हायचं. रविवार देवाचा, बाकीचे दिवस देवळाचे. लेकीच्या वाट्याला ते जाता-येताच यायचे.

छपराच्या मोठ्या तुळया आणायला मास्तर किनवटच्या जंगलाकडं गेले तो पावसाळ्याआधीचा शेवटचा पंधरवडा होता. ते गेल्यावर चार दिवसांनी रूथला ताप भरला. सुरुवातीला आम्ही काढे दिले. मग ती बरळायला लागली. मार्थाबाईंनी उस्मानच्या थोरल्या मुलाला, रहीमला, मास्तरांच्या मागं पाठवलं. तो वाटेतच त्यांना भेटला. नदीच्या पलीकडं लाकडाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. निरोप ऐकून मास्तर म्हणाले, “तापच हाय ना? पाणी वाढायच्या आत गाड्या पार करतो अन् निघतोच. नाहीतर लाकूड चार महिने पल्याडच ऱ्हाईल.”

रहीम परत आला तेव्हा रूथ शेवटच्या घटका मोजत होती. त्याच संध्याकाळी ती गेली. उन्हाळ्याचे दिवस, थांबता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला पुरलं. बाप जवळ नव्हता. खड्ड्यात उतरून पोरीला हातांवर घेणारं कुणीतरी हवं होतं. उस्मान उतरला. वस्तीतल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडं पाहिलं, पण कुणी अडवलं नाही. त्यानं तिला खाली निजवलं, वर आला आणि मूठभर माती टाकून बाजूला जाऊन ओक्साबोक्शी रडला.

मास्तरांच्या गाड्या दुपारी आल्या.

यानंतर जे झालं ते मी शाळेच्या ओसरीतून पाहिलं आणि मला ते तेव्हाही खरं वाटलं नाही. घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. दारात बायका बसलेल्या. मास्तरांनी त्या बघितल्या असणारच. पण त्यांनी आधी गाड्या देवळापाशी वळवल्या. बैल सोडले, गड्यांना हाका मारून तुळया उतरवून घेतल्या, एकेकीवरून हात फिरवत चीर गेलीय का ते बघितलं. आम्ही कुणी पुढं झालो नाही. शेवटची तुळई उतरली तेव्हा मार्थाबाई स्वतः चालत आल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं.

“लाकूड बराबर हाय का?” त्यांनी विचारलं.

“हाय,” मास्तर म्हणाले. “रूथ कशी हाय?”

“सकाळी पुरली.”

मास्तर उभे होते तिथंच खाली बसले. किती वेळ बसले होते सांगता येणार नाही. गाडीवान बैल घेऊन गेले, उन्हं उतरली, तरी ते तुळईला पाठ लावून बसलेलेच होते.

मला वाटलं, आता हे काम थांबणार. आठवडाभरानं ते परांचीवर होते. उस्मान म्हणाला, “मास्टर, ये लकडी मैं नै चढाता.” मास्तरांनी त्याच्यासमोर हात जोडले. त्यांना कुणासमोर हात जोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. “उस्मान, ही बी नाही चढली, तर मी पोरगी कशापायी घालवली?” उस्मान रडत रडत दोर ओढत होता.

मार्थाबाई त्यानंतर देवळात शिरल्या नाहीत. रविवारी उपासनेला येत, पण बाहेर लिंबाखाली बसत. गाणी तिथूनच म्हणत, प्रार्थना तिथूनच. उपासना चालवायला येणारे पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर त्यांना बाहेर आणून देत. मास्तरांनी एका शब्दानं कधी विचारलं नाही, काहून आत येत न्हाईस.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू असतानाच देऊळ पुरं झालं. मिशनचे गोरे साहेब आणि मडम आल्या, आसपासच्या गावांतून माणसं लोटली. कमानीखालून आत येताना आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या खरंच माना वर करून बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मास्तर एका कोपऱ्यात उभे होते. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. ते नाकारून चालणार नाही.

पण पुढं पुढं त्यांचं वागणं पाहून मी मनात दचकायला लागले. शेंबडी लेकरं आत आणली की ते आयांवर खेकसत. बाकांवर रोज जवसाचं तेल चोळत. एकदा वळवाच्या गारा पडल्या. धोंडिबाची सून कडेवर तान्हं आणि काखेत दोन कोकरं घेऊन पळत देवळाशी आली. मास्तरांनी दारात हात आडवा धरला. “आत नगं. पायाला चिखल हाय, अन् जनावरं हायत.” ती बाई आडोशाला भिंतीला चिकटून उभी राहिली. मार्थाबाई धावत आल्या, पोराला पदराखाली घेतलं आणि तिला आपल्या घरी नेलं. जाताना नवऱ्याकडं एकदाच वळून पाहिलं. मला मास्तरांच्या वडिलांची गोष्ट माहीत होती. मास्तरांना ती आठवली की नाही, कुणास ठाऊक. ते दारातल्या गारा झाडत होते.

मग ते वाईट वर्ष आलं. रझाकारांच्या टोळ्या फिरायला लागल्या. शेजारच्या दोन गावांत घरं जळली, माणसं मारली गेली, कितीतरी कुटुंबं गाड्या जुंपून वऱ्हाडात निघून गेली. आमच्या गावच्या मुसलमानांचा त्यात काही हात नव्हता. उलट रझाकार आले तेव्हा उस्मानच त्यांच्या पाया पडून गावातून त्यांना परत लावून आला होता. पण सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि आठवडाही झाला नाही तोच उलट्या टोळ्या निघाल्या. ज्यांची घरं जळली होती ते, आणि ज्यांचं काहीच जळलं नव्हतं तेही. हातात कुऱ्हाडी, भाले. ते नाव विचारत आणि घरात शिरत.

त्या दिवशी सकाळी निरोप आला, की ओढ्यापलीकडच्या गावात रात्री माणसं कापली आणि जमाव आता इकडं येतोय. मी शाळेला सुट्टी देऊन पोरांना घरी पाठवलं. तेवढ्यात समोर पाहिलं ते विश्वास बसू नये असं होतं. मास्तर देवळाचं मोठं दार सताड उघडं टाकून उभे होते आणि तिन्ही मुसलमान घरं आत शिरत होती. चिखलाचे पाय, पाठीवर बोचकी, कोंबड्या, रडणारी लेकरं, चुलीवरून तसंच उचललेलं भाताचं पातेलं. उस्मानची म्हातारी बायको चालता येत नव्हतं म्हणून मास्तरांच्याच पाठीवर होती. त्यांनी तिला तेल चोळलेल्या बाकावर निजवलं. उस्मान उंबऱ्याबाहेरच पायताण काढायला लागला तर मास्तर ओरडले, “आरं, चल आत! पायताणाचं काय घिऊन बसला!”

दार लागलं. मास्तर शाळेच्या ओसरीत येऊन बसले. दुपारपर्यंत तिथंच होते.

जमाव आला तो गावाच्या वरच्या अंगानं. आधी ओरडा ऐकू आला, मग दारं फोडल्याचे आवाज. उस्मानचं घर फोडत होते. घरं रिकामी सापडल्यावर ते शोधत खाली येणार, हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. मास्तर उठले. मला म्हणाले, “बाई, हितंच ऱ्हावा. कुठं जाऊ नगा.” आणि देवळाच्या मागं गेले.

थोड्या वेळानं ते पुढल्या दारानं बाहेर आले. दाराला कडी घातली, कुलूप लावलं. त्यांच्या हातात रॉकेलचा रिकामा डबा होता. मला काही उमगायच्या आत खिडकीतून धूर आला. मग जाळ. जवसाचं तेल प्यालेले बाक, कोरडं सागवान. बघता बघता आत लाल झालं.

मी धावले. “मास्तर! आत लेकरं आहेत!”

ते हलले नाहीत. मी दाराकडं झेपावले तर माझं मनगट त्यांनी पकडलं, इतकं घट्ट की पुढं कित्येक दिवस निळं होतं. मी त्यांना चावले, ओरबाडलं. “किल्ली द्या! मास्तर, किल्ली द्या! खुनी आहात तुम्ही!” त्यांचा चेहरा दगडासारखा. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. देवळात चिखल आला म्हणून फिरलं. खरंच मला तसंच वाटलं. या देवळासाठी त्यांनी आधी काय गमावलं होतं ते मी पाहिलेलं होतं.

जमाव तेवढ्यात येऊन ठेपला. चाळीस-पन्नास माणसं. पुढं एक दांडगा, कपाळाला फडकं गुंडाळलेला. जाळ बघून ते थबकले.

“मुसलमान कुठं लपवले, मास्तर?” दांडग्यानं विचारलं.

“सकाळपासून आत ठेवले व्हते,” मास्तर म्हणाले. “मीच ठेवले.”

दांडग्यानं जळत्या दाराकडं पाहिलं. बाहेरून लावलेल्या कुलपाकडं पाहिलं. मास्तरांच्या हातातल्या डब्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी गुडघ्यांवर पडून छाती पिटत होते.

“लेकरं बी?” मागून कुणीतरी विचारलं. आवाज कोवळा होता.

मास्तरांनी रिकामा डबा जमिनीवर ठेवला.

आतून एकही किंकाळी येत नव्हती, धुरानंच सगळे गुदमरले असावेत; नुसतं लाकडांचं तडतडणं ऐकू येत होतं. एक जण बाजूला जाऊन ओकला. कुणाची तरी कुऱ्हाड हातातून गळून पडली आणि त्यानं ती उचललीच नाही. दांडगा पुढं आला आणि त्यानं मास्तरांच्या तोंडात फाडकन मारली. “माणूस हाईस का कोण हाईस तू?” असं म्हणाला. तो माणसं मारायला निघालेला माणूस होता. मास्तरांच्या नाकातून रक्त आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. छप्पर कोसळलं तेव्हा उस्माननं चढवलेल्या त्या तुळया एकीमागून एक खाली आल्या. जमाव मागं सरकला, फुटला, आणि आला त्याच वाटेनं पांगला.

संध्याकाळपर्यंत मी तिथंच होते. वस्तीतली माणसं दारं लावून बसली होती. मास्तर राखेकडं बघत उभे होते आणि मी त्यांच्यापासून लांब, लिंबाच्या बुंध्याशी. त्या काही तासांत माझी श्रद्धा, माझं शिक्षण, या माणसाच्या हाताखाली काढलेली माझी सगळी वर्षं, सगळं मला किळसवाणं वाटलं. ज्या देवाच्या नावानं हे घडलं त्याचं नाव तोंडातून निघेना.

दिवस कलताना मागच्या ज्वारीतून मार्थाबाई बाहेर आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, पदर फाटलेला, हातांवर पात्यांचे ओरखडे. त्या मास्तरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“पोचले,” त्या म्हणाल्या. “जवळ्याला लष्कर हाय. त्यांच्या ताब्यात दिलं सगळ्यांना. म्हातारीला रहीमनं खांद्यावर नेलं.”

वेदीच्या मागं पाळकांसाठी एक लहान दार होतं. ते थेट शेतात उघडायचं, आणि त्या दिवसांत ज्वारी पुरुषभर उंच होती. त्या दुपारी मला ते दार आठवलंच नव्हतं. मास्तर देवळाच्या मागं गेले ते मार्थाबाईंना त्या दारानं आत घालायला. रूथ गेल्यानंतर त्या देवळात पहिल्यांदा शिरल्या त्या या लोकांना बाहेर काढण्यासाठी. शेवटचं लेकरू ज्वारीत शिरल्यावर मास्तरांनी डबा ओतला. देऊळ रिकामं सापडलं असतं तर जमाव भाताचं पातेलं आणि ताजा चिखल बघून सरळ ज्वारीत घुसला असता. म्हातारी बाई आणि तान्ही लेकरं घेऊन ती माणसं किती लांब गेली असती?

हे सगळं मी मार्थाबाईंच्या तोंडून ऐकलं. अंगावर एकदम एवढा आनंद आणि एवढा संताप कोसळला की मी मास्तरांवर ओरडलेच, “मला का नाही सांगितलंत? मी मेले असते इथं!”

मास्तरांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “सांगितलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं बाई. माझ्यावर कोण इश्वास ठेवणार व्हतं? त्यांनी तुमचं तोंड बघितलं. त्याच्यानं ती माणसं वाचली.” मग म्हणाले, “लई तकलीफ दिली तुमाला.”

ही गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण महिनाभरानं हिंगोलीहून पाळकसाहेब आणि मंडळीचे दोन वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, चौकशीला आले. वस्तीतलेही काही जण रागावले होते. पंचमंडळी लिंबाखाली बसली. एका वडिलांनी विचारलं, “मास्तर, माणसं वाचवलीत, चांगलं केलंत. पण प्रभूचं देऊळ जाळायचं? दुसरा काही उपाय नव्हता?”

“असंल बी,” मास्तर म्हणाले. “मला तेवढ्या वेळात योच सुचला.”

“तुमची सगळी हयात त्यात गेली. हात कसा चालला तुमचा?”

मास्तरांनी आपले दोन्ही हात पुढं धरून पाहिले. मार्थाबाई शेजारीच बसल्या होत्या.

“हात थरथरला न्हाई साहेब,” ते म्हणाले. “त्याचंच मला नवल वाटून राहिलं. हात थरथरायला पायजे व्हता त्या दिवशी, जवा माझी लेक पुरून झाली व्हती अन् मी लाकूड उतरून घेत व्हतो. तवा न्हाई थरथरला. मी समजून राहिलो व्हतो का मी देवाचं काम करून राहिलो. माझंच व्हतं ते. माझ्या बापाला हाकललं, त्याचा राग व्हता. वर नाव देवाचं लावलं व्हतं. देवानं माझ्यापाशी देऊळ मागितलंच नव्हतं. जे मागितलं, ते घरात तापानं पडलं व्हतं.”

पाळकसाहेब म्हातारे होते, अनेक माणसांची मरणं पाहिलेले. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि तो पुन्हा लावलाच नाही. मार्थाबाईंनी, सगळ्यांच्या देखत, नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. त्या वस्तीत बायको असं करत नसे. पण नजर कुणी वळवली नाही.

उस्मान थंडीच्या तोंडावर परत आला. आल्या आल्या जळक्या भिंतींकडं गेला, दगड हातानं चाचपले. “दीवार अच्छी है मास्टर. फिर बांधेंगे.”

“आधी तुझं घर,” मास्तर म्हणाले.

उस्मानचं घर झालं. मग बाकीची दोन. मग मास्तर ओढ्यापलीकडं गेले, जिथं रझाकारांनी हिंदूंची घरं जाळली होती. तिथं ते दारं, चौकटी, बाजा, पाळणे करून देत फिरायला लागले. ज्या गावातून तो जमाव आला होता तिथंही गेले. तिथं कुणीतरी त्यांना ओळखलं. असं ऐकलं, की त्या माणसानं त्यांना बसायला घोंगडी टाकली आणि स्वतः उभाच राहिला.

मास्तर असे फिरायला लागल्यावर शाळा मिशननं माझ्यावर सोपवली होती, पण पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात माझी हिंगोलीला बदली झाली. निघाले त्या सकाळी मास्तर गावात नव्हते. निरोप न घेताच जावं लागणार म्हणून मन खट्टू झालं होतं. ओढ्याच्या पुढं, रस्ता वळतो तिथं, समोरून एक बैलगाडी येताना दिसली. बैल हळू चालले होते. गाडी मार्थाबाई हाकत होत्या. मागं एक नवीन चौकट आडवी टाकली होती आणि तिच्या आत, लाकडावर डोकं ठेवून, मास्तर झोपले होते. तोंड किंचित उघडं, काळा कोट पांघरलेला, पाय चौकटीबाहेर. भर सकाळी, वाटेवर, धक्के खात ते लहान पोरासारखे झोपले होते. ऊन तोंडावर येत होतं म्हणून मार्थाबाईंनी एका हातानं पदराचा शेव त्यांच्यावर धरला होता आणि दुसऱ्या हातात कासरा होता.

मी गाडी थांबवायला सांगितली. हाक मारण्यासाठी तोंड उघडलं, तोच मार्थाबाईंनी मान हलवली. नको. मग हसल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत हसताना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी गाडी कडेनं काढली, माझ्या बैलांना धक्का लागू नये इतकी जपून, आणि पदर तसाच धरून पुढं गेल्या.